सहा थेंब नीळ

सकाळी आठला वाळत घातलेला शर्ट दुपारी बाराला पाणी गाळत होता. ऊन तर असं की शेजारचं पायपुसणं पापडासारखं कडक झालेलं. मी तिथेच उभी राहिले. शर्ट धाकट्या भावजींचा, पांढरा, पूर्ण बाह्यांचा. मी त्याची कॉलर पिळून पाहिली. चार थेंब माझ्या पायावर पडले.

शिवाय तो उलटा टांगला होता. म्हणजे जगाच्या दृष्टीनं सुलटाच, पण आमच्या घरात शर्ट खालच्या काठानं टांगतात, गळा जमिनीकडे. खांद्यांना चिमटे लावले की तिथे कान उभे राहतात आणि ते कान इस्त्रीलाही दाद देत नाहीत. हे मी तीस वर्षांत घरातल्या प्रत्येकाला सांगून झालंय. हा शर्ट खांद्यांना चिमटे लावून लोंबत होता. मी असं झोपेतसुद्धा करणार नाही.

मी शर्ट नाकाशी नेला. साबणाच्या वासाखाली एक आंबट वास होता.

"काय झालं, वहिनी?" स्वयंपाकघराच्या दारातून धाकटीनं विचारलं. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती तिथे कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं, हेही मी मनात टिपून ठेवलं.

"काही नाही. ऊन कमी पडतंय."

"हो ना," ती म्हणाली, आणि तिची मान किंचित डावीकडे झुकली.

त्या रणरणत्या उन्हाकडे बघत जे माणूस "हो ना" म्हणतं ते काहीतरी लपवत असतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते फक्त शर्टात नव्हतं.

आम्ही घरात अकरा माणसं. सासूबाई, त्यांचे तीन मुलगे, आम्ही तीन सुना आणि चार पोरं. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात धुण्याचा नुसता गोंधळ होता. ज्याच्या हाताला जे लागेल ते तो घालायचा. मधल्या भावजींनी एकदा सासऱ्यांचा पायजमा घालून परीक्षा दिली आणि ते नापास झाले. दोष पायजम्याचा नव्हता, पण घरात बोलणी त्यालाच बसली.

शिस्त लावली ती मी. तीन टोपल्या: पांढरे, रंगीत आणि मळके. टोपलीत टाकताना खिसे रिकामे आणि कपडा आतली बाजू बाहेर करून. सोमवार-गुरुवार पांढरे, मंगळवार-शुक्रवार रंगीत, बुधवारी चादरी, आणि ज्यांना कुठेच थारा नाही ते शनिवारी. पांढऱ्यांचं शेवटचं पाणी रंगीतांना पहिलं, रंगीतांचं शेवटचं पायपुसण्यांना, आणि पायपुसण्यांचं अंगण धुवायला. प्रत्येकाच्या कपड्याला आतल्या शिवणीत एका रंगाच्या धाग्याचा टाका, म्हणजे बनियन कुणाचं यावरून महाभारत नको. ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, टाका निळा. दोरीवर कपडे घालायचे तेही माणसांच्या क्रमानं. मग काढता काढता घड्या घालत गेलं की दोरी संपेपर्यंत बाकावर अकरा गठ्ठे तयार. शेजारच्या बायका पूर्वी हे बघायला यायच्या.

माझं शिक्षण बेताचं. मधली जाऊ शाळेत शिकवते, धाकटी सकाळी वाचनालयात जाते. घरात काही ठरवायचं असलं की सगळे मोठमोठ्यानं बोलतात आणि मी चहा टाकते. पण मोरीपासून दोरीपर्यंत माझा शब्द शेवटचा. मला विचारल्याशिवाय या घरात कुणी टॉवेलसुद्धा बदलत नाही. माझं म्हणून इथे तेवढंच आहे. ते कुणी हातातून काढून घ्यायला बघत असेल, तर मला वेळेवर कळायला हवं होतं.

तसं हे प्रकरण चार महिन्यांपासूनच सुरू होतं. पांढरे कपडे मनासारखे निघत नव्हते. धुऊन, पिळून, झटकून दोरीवर घातले तरी पिवळटच. आधी मी साबणावर ठपका ठेवला आणि साबण बदलला. मग टाकीवर, आणि मधल्या भावजींना टाकीत उतरवून ती घासून घेतली. मग नीळ वाढवली. शेवटच्या पाण्यात नीळ बादलीला सहा थेंब, हे माझं तीस वर्षांचं माप. त्यानं पांढऱ्याचा पिवळेपणा मरतो. सहाचे मी आठ केले, आठाचे बारा, आणि पुढे पुढे थेंब मोजायचंच सोडून दिलं.

त्यात एक गोष्ट मला झोपू देत नव्हती. ह्यांचे शर्ट तेवढे पांढरे दिसायचे. त्याच बादलीतले, त्याच पाण्यातले, माझ्याच हातचे. नवऱ्याचा गठ्ठा स्वच्छ आणि बाकी सगळ्यांचे पिवळट. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. मी धुतल्यानंतर बाकीच्यांच्या कपड्यांना कुणाचा तरी हात लागत होता.

कुणाचा, ते आता त्या शर्टानं सांगितलं होतं. धाकटी या घरात येऊन पंधरा वर्षं झाली. कानामागून आली आणि तिखट झाली. मागच्याच महिन्यात ती म्हणाली होती, "वहिनी, कपड्यांचं मशीन घेऊ या का? तुम्हाला किती त्रास होतो." माझ्या त्रासाची एवढी काळजी जिला वाटते तिच्यावर नजर ठेवलेली बरी. आधी माझं धुणं बिघडवायचं, मग सगळ्यांना दाखवायचं की थोरलीला आता जमत नाही, आणि मग मशीन आणायचं. मला सगळा डाव स्वच्छ दिसत होता.

मग मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. फडताळातली व्हिनेगरची बाटली वर्षभर तशीच पडून असायची, ती पंधरा दिवसांत अर्धी झाली होती. आंबट वास कुठून आला ते कळलं. मी स्वयंपाकघरात शिरले की बोलणं थांबायचं. आणि गुरुवारी पांढऱ्यांचे खिसे तपासताना धाकट्या भावजींच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. भावजी खिसे कधीच रिकामे करत नाहीत. औषधाच्या दुकानात काम करणारा माणूस, त्याच्या खिशात गोळ्यांपासून रबरापर्यंत काय वाटेल ते निघतं. ही चिठ्ठी मात्र धाकटीच्या अक्षरात होती. अक्षर इतकं बारीक की मला दिव्याखाली जाऊन ती हातभर लांब धरावी लागली. तेही मुद्दामच केलेलं असणार.

"वहिनी. मंगळवार साडेअकरा." ते खोडलेलं. खाली "पुढचा मंगळवार." तेही खोडलेलं. त्याखाली नुसतं प्रश्नचिन्ह.

खिशात सापडलेल्या वस्तूंसाठी मी फळीवर एक डबा ठेवलाय. ती चिठ्ठी मात्र मी डब्यात टाकली नाही.

सोमवारी मी सापळा लावला. पांढरे धुतले, नेहमीसारखे टांगले आणि वाचनालयातून आलेल्या धाकटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझं डोकं ठणकतंय. मी जरा पडते. मला कुणी उठवू नका." आमच्या खोलीची खिडकी मागच्या अंगणाकडे उघडते. पडदा ओढून घेतला आणि त्याच्या फटीपाशी स्टूल टाकून बसले. या वयात असं बसायची लाज वाटली, पण बसले.

दहा मिनिटांत ती आली. आधी खिडकीकडे बघितलं. मग चिमटे काढायला लागली. स्वतःच्या नवऱ्याचे दोन शर्ट, मधल्या भावजींचा एक, पोरांचे शाळेचे चार. सगळे खांद्यावर टाकले. ह्यांच्या शर्टापाशी आली, त्याला हात लावला आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग नुसता त्याचा काठ सरळ केला आणि मोरीत गेली.

मी मागोमाग गेले. मोरीत गरम पाण्याची वाफ होती, बादलीत सात शर्ट आणि कट्ट्यावर व्हिनेगरची बाटली.

"हे काय चाललंय?"

ती दचकून उठली. कोपरांपर्यंत ओली होती. "काही नाही, वहिनी. डाग होता जरासा."

"सात शर्टांना?"

"एकेक होता."

"माझ्या हातून डाग राहिला? दाखव कुठे आहे तो."

ती बादलीकडे बघत राहिली. बाहेर बोळात सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना चालवत नाही, पण ऐकू सगळं येतं. "थोरले, जरा सबुरीनं घे," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही मध्ये पडू नका. ही माझ्या पाठीमागे माझे धुतलेले कपडे पुन्हा धुते."

"धुऊ दे की. जास्त स्वच्छ होतील."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "मला काय माहीत असणार, मी बसलेली एका जागी. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, एवढं मात्र माहीत आहे."

ते मला फार लागलं. मी संशयी आहे, हे या घरात सगळ्यांनी कधी ना कधी बोलून दाखवलं होतं, पण सासूबाईंनी कधी नाही. मी कमरेला खोचलेली चिठ्ठी काढून धाकटीपुढे धरली. "आणि हे? मंगळवारी साडेअकराला कोण येणार आहे? मशीनवाला?"

धाकटीनं चिठ्ठी बघितली आणि तिचा चेहरा उतरला. ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात तिनं सासूबाईंकडे बघितलं, आणि सासूबाईंनी हळूच नकारार्थी मान हलवली.

"हो," धाकटी म्हणाली. "मशीनवालाच." मान डावीकडे झुकली होती.

म्हणजे मशीनही नव्हतं. त्याहून मोठं काहीतरी होतं, आणि त्यात सासूबाईही सामील होत्या.

संध्याकाळी हे पोस्टातून आले तेव्हा मी दार लावून सांगितलं, "या घरात माझ्याविरुद्ध कट चाललाय."

हे पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसतात. दिवसभर लोकांशी बोलून त्यांचे घरासाठी फारसे शब्द उरत नाहीत. "असेल," ते म्हणाले.

"असेल काय? तुमचं लक्ष असतं का कशात?"

"असतं."

"मग तुमच्या लक्षात आलं का, सगळ्यांचे शर्ट पिवळे निघतात आणि तुमचे तेवढे पांढरे? तुमच्या शर्टाला हात लावायची तिची छाती होत नाही. तेवढी तरी थोरलेपणाची भीती आहे म्हणायची."

ह्यांनी अंगातला शर्ट काढला. बटणं सोडताना ते माझ्याकडे बघत होते. "माझे पांढरे दिसतात ना?" त्यांनी विचारलं.

"दिसतात म्हणजे? आहेत."

"मग झालं," असं म्हणून त्यांनी खिसे चाचपले, शर्ट उलटा केला आणि पांढऱ्यांच्या टोपलीत टाकला. तीस वर्षांत या माणसानं एकदाही टोपली चुकवलेली नाही.

गुरुवारी धाकटीच्या मुलाचे शाळेचे नवे शर्ट आले. आमच्याकडे नवा कपडा आधी माझ्या हातात येतो. मी त्याला टाका घालते, एकदा पाण्यातून काढते आणि मगच तो अंगावर चढतो. मी पाकीट फोडलं, टाचण्या काढल्या, पुठ्ठा काढला आणि शर्ट उलगडला. पिवळा. हातात धरून खिडकीत नेला तरी पिवळा.

"दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला तुझ्या," मी म्हटलं.

"राहू द्या ना, वहिनी. पोर चार दिवसांत मळवणारच आहे."

"मळवणं वेगळं. चल, परत करू."

"कशाला उगीच? चालेल मला."

तिला पिवळा शर्ट चालत होता, यानं माझा संशय आणखी वाढला. मी चपला घातल्या. तिला माझ्याबरोबर येणं भागच पडलं.

दुकानदार वयस्कर होता, बोलायला फटकळ. "बाई, गठ्ठा कालच फोडलाय," तो म्हणाला. "जुना माल माझ्याकडे राहतच नाही."

"मग हा बघा."

त्यानं बघितला. "काय झालंय याला?"

"पिवळा पडलाय."

त्यानं पुन्हा बघितला. मग काही न बोलता फळीवरून दुसरं पाकीट काढून फोडलं. मग तिसरं, मग चौथं. चार शर्ट गल्ल्यासमोर ओळीनं पसरले. चारही पिवळे होते. दुकानातली दुसरी दोन गिऱ्हाईकं आमच्याकडे बघायला लागली.

"यांना तुम्ही पांढरे म्हणता?" मी विचारलं.

"मग काय म्हणू?"

"पांढरा कसा असतो ते मला सांगू नका. तीस वर्षं अकरा माणसांचं धुतेय मी."

"बरं, बाई. मग हा कागद तरी पांढरा आहे का?" असं म्हणून त्यानं एक कोरा कागद काढला आणि शर्टावर ठेवला. मी बघितलं. कागदही पिवळाच होता. तुमचा कागदही जुना आहे, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात धाकटी पुढे झाली. "खरंय वहिनींचं," ती दुकानदाराला म्हणाली. "जरा पिवळटच आहेत. आम्ही दुसरीकडे बघतो."

मी तिच्याकडे बघितलं. तिची मान डावीकडे झुकलेली होती.

दुकानदार आधी चकित झाला. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या डोळ्यांकडे. आणि एकदम त्याचा आवाज बदलला. "असतील, बाई, असतील," तो मऊपणानं म्हणाला. "माझीच चूक. घेतो मी परत." सगळं आयुष्य गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्यात गेलेला माणूस माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होता.

त्या चार शर्टांना कुणाचाच हात लागला नव्हता. साबण नाही, टाकीचं पाणी नाही, व्हिनेगर नाही, धाकटी नाही. संशय घ्यायला आता कुणी उरलंच नव्हतं, एक मी सोडून.

मी दुकानातून बाहेर आले आणि भरभर चालायला लागले. कोपऱ्यावर एका बंद दुकानाची पायरी होती, तिथे बसले. धाकटी धापा टाकत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"बस," मी म्हटलं. "आणि मान सरळ ठेवून सांग. ते शर्ट पांढरे होते?"

ती माझ्या शेजारी बसली. "होते, वहिनी."

"कागद?"

"तोही."

"मग आपल्या घरचे कसे आहेत?"

"निळे," ती म्हणाली. एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "आधी थोडेच होते, कुणाला कळायचंही नाही. मग वाढत गेले. ह्यांना दुकानाच्या मालकांनी बोलावून सांगितलं, औषधाच्या दुकानात पांढराच शर्ट पाहिजे, हे काय घालून येता. पोरांना शाळेत उभं केलं. म्हणून मी व्हिनेगरच्या पाण्यातून काढायला लागले. मी काढला की तुम्हाला तो पिवळा दिसायचा, मग पुढच्या वेळी तुम्ही आणखी नीळ घालायच्या. मग मी आणखी वेळ भिजवायची."

म्हणजे चार महिने आम्ही दोघी एकाच बादलीशी उलट्या दिशांनी झगडत होतो.

"मला सांगायचं नाही?"

"कसं सांगणार?"

"मी काय खाते का माणसांना?"

ती पायरीवर किंचित पलीकडे सरकली. 

"आणि ती चिठ्ठी?"

"डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ. तीनदा घेतली. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. पण धीर झाला नाही. आई म्हणाल्या, इतक्यात नको. तिला वाटेल धुणं काढून घेतायत. तिचं या घरात तेवढंच आहे."

हेच शब्द मी रोज मनात म्हणत होते. मला वाटायचं, ते फक्त मलाच माहीत आहेत. माझ्या नकळत घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होते, आणि त्यांनी ते जपून ठेवले होते. मला रडू आलं. रस्त्यावर, परक्या दुकानाच्या पायरीवर बसून मी पदरानं डोळे पुसले. ते पुसून काही उपयोग नव्हता हे आता माहीत होतं.

"सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"ह्यांनासुद्धा?"

"दादांना पहिल्यापासून," ती म्हणाली. थोरल्या दिराला ती दादा म्हणते. "मी पहिल्याच महिन्यात त्यांचेही शर्ट मागितले होते. दादा म्हणाले, माझे राहू दे. तिला माझे पांढरे दिसतात. एक तरी गठ्ठा तिच्या मनासारखा असू दे."

 पोस्टातली ती खिडकी माझ्या डोळ्यांपुढे आली. रोज शेकडो माणसं त्या खिडकीसमोर येतात.

"पोस्टात त्यांना कुणी काही बोलत नाही ना?"

"छे, कोण बोलणार," धाकटी म्हणाली, आणि तिची मान पुन्हा झुकली.

मंगळवारी साडेअकराला मी आपल्या पायांनी डॉक्टरांकडे गेले. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, उजव्यात जास्त. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येतो, माणसाला कळत नाही, त्याला वाटतं जगच बदललं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी करायचं ठरलं.

ते होईपर्यंत मी धुणं सोडलं नाही. खरकटं, चिखल, कॉलरची रेघ हे बोटांना कळतं. फक्त नीळ धाकटीच्या हातात दिली. गुरुवारी तिनं बादलीवर बाटली धरली तेव्हा मी शेजारी स्टुलावर बसले होते.

"किती घालू?"

"सहा. मोठ्यानं मोज."

तिनं मोजले. सहाव्या थेंबानंतर तिनं बाटली उचलली आणि मला विचारलं, "बास?" सासूबाई बोळातून म्हणाल्या, "थोरली म्हणेल तेव्हा बास."

"बास," मी म्हटलं.

ह्यांच्याशी मी त्याबद्दल बोलले नाही. दोनदा विषय काढायला गेले आणि दोन्ही वेळा चहा हवा का एवढंच विचारलं. हेही काही बोलले नाहीत. दवाखान्यात मात्र, ऑपरेशनच्या आणि पट्टी काढायच्या, दोन्ही दिवशी ते बाहेरच्या बाकावर बसून होते. रजा घ्यायला त्यांना आवडत नाही.

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. डॉक्टरांनी पाण्याशी जायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून धुणं धाकटीनं केलं होतं. मी काळा चष्मा लावून मागच्या दारात आले. सावलीत उभं राहून चष्मा जरासा वर केला.

आधी मला काही समजेनाच. दोरीवर इतका उजेड होता. शर्ट पांढरे होते, ज्याला मी इतकी वर्षं पांढरा म्हणत आले तसे पांढरे. सगळे खालच्या काठानं टांगलेले, गळे जमिनीकडे, माणसांच्या क्रमानं. सासूबाईंची पातळं, मधल्यांचे, धाकट्यांचे, पोरांचे. आणि ह्यांच्या जागेवर चार पांढरे आणि एक निळा.

थोडासा निळा नव्हता तो. चांगला लांबून दिसेल असा, डाग पडल्यासारखा कुठे गडद कुठे फिका. काखेत आणि शिवणीत तर नीळ साचून राहिलेली. असा शर्ट मी भिकाऱ्यालासुद्धा दिला नसता.

"बाकीचे सगळे मी व्हिनेगरमधून काढले," धाकटी मागून म्हणाली. "तो एक दादांनी काढू दिला नाही."

मी त्याची आतली शिवण बघितली. माझाच टाका होता, निळ्यावर निळा, शोधावा लागला.

संध्याकाळी कपडे काढताना घड्या मीच घातल्या. बाकावर अकरा गठ्ठे लागले. ह्यांच्या गठ्ठ्यात तो शर्ट मी सगळ्यांत खाली ठेवला, चार पांढऱ्यांच्या खाली.

सकाळी हे कपाटापाशी उभे राहिले. वरचे चार बाजूला केले आणि खालचा ओढून काढला.

"अहो," मी म्हटलं, "तो निळा आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि बटणं लावायला लागले.

मी जवळ गेले आणि त्यांची कॉलर नीट बसवली. ती नीटच होती. मग त्यांनी डबा घेतला, चपला घातल्या आणि निघाले. आमच्या दारातून रस्ता बराच लांब दिसतो. गेली दोन वर्षं हे तिसऱ्या घरापाशी पोचले की मला नुसतं धुरकट काहीतरी हलताना दिसायचं, आणि मी आत वळायची. त्या दिवशी मी दारातच उभी राहिले. वळणापर्यंत मला तो शर्ट नीट दिसत होता.